व्हेंतुराकाका आणि दारासमोरची खुर्ची

मित्रांनो, मी समुद्राकाठच्या बाराओना गावच्या एका रुग्णालयातला जुना संगणक. माझ्या पोटात एक आजारी माणूस राहतो, व्हेंतुराकाका. तो खरा नाही. पडद्यावर वरखाली होणारी छाती, तोंडातली नळी आणि शेजारी श्वासयंत्राची बटणं, एवढाच त्याचा संसार. खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी परिचारिका त्याच्यावर यंत्र चालवायला शिकतात.

नवा होतो तेव्हा मला पाहायला डॉक्टरमंडळी यायची, कौतुक करायची. आता माझा पंखा घरघरतो, समुद्राच्या खाऱ्या हवेने बटणं गंजली आहेत. परिचारिकांना शिकवणाऱ्या बेल्कीसबाई मात्र रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसतात, क्रूसाची खूण करतात आणि मगच शिकवायला घेतात.

त्यांचा एक नियम आहे. व्हेंतुराकाका दगावले, तरी एक बटण दाबलं की पुन्हा श्वास घेऊ लागतात. पण बाई ते बटण लगेच दाबू देत नाहीत. आधी बाहेर, अतिदक्षता कक्षाच्या दारासमोरच्या लाकडी खुर्चीपाशी जायचं, तिच्यात काकांची बायको बसली आहे असं समजायचं आणि काका गेले ते तिला सांगायचं.

शिकाऊ परिचारिका यानिरिसचे हात फार चपळ. यंत्राचा धोक्याचा भोंगा वाजला की तिचं बोट आधी आवाज बंद करायला धावे. मग आकड्यांत शोधाशोध. तोवर निसटलेली नळी तशीच, आणि काका गार!

"अगं मुली, भोंग्याचं तोंड दाबलंस, पण माणसाकडे कोण बघणार?" बाई म्हणाल्या. "सकाळी न्याहारीला चापलेला केळ्याचा मांगू अंगावर आला वाटतं, सुस्ती चढलीय!"

"बाई, चित्रच तर आहे ते!"

"त्या चित्राची बायको बाहेर बसलीय. जा, सांग तिला."

यानिरिस हसत गेली. खुर्चीसमोर उभी राहून "मावशी..." म्हणाली आणि काका गेल्याचं हळूच सांगितलं. परतली तेव्हा हसत नव्हती.

पुढे ती माझ्या समोरच्याच त्या अतिदक्षता कक्षात कामाला लागली. एका दुपारी त्या खुर्चीत खरोखरच्या मावशी बसल्या होत्या, नूरीसमावशी. त्यांचे यजमान आत श्वासयंत्रावर. मावशींच्या हातात जपमाळ.

आत भोंगा वाजला. अगदी माझ्यासारखाच. मावशींची माळ थबकली. बेल्कीसबाई हातातल्या फडक्यासकट धावल्या, आणि दारापाशी पोचतात तोच भोंगा बंद झाला.

मित्रांनो, नळी जोडली की भोंगा थांबतो, आणि नुसतं आवाज बंद करायचं बटण दाबलं तरी थांबतो. यातलं काय झालं? मला दिसेना. आतल्या माणसाला तर पुन्हा सुरू करायचं बटणही नव्हतं.

दार उघडलं. यानिरिस तडक खुर्चीकडे आली. त्या खुर्चीपाशी तिने आजवर एकच बातमी आणली होती.

"मावशी," ती म्हणाली. माझा पंखासुद्धा अडखळला.

"कूस बदलताना काकांची नळी निसटली होती. आधी छातीवर हात ठेवला, म्हणून लगेच कळलं. जोडली. श्वास नीट चाललाय. या, बघून घ्या."

"मग असं तोंड घेऊन काय येतेस, पोरी!" मावशी रडत-हसत ओरडल्या. "इथे माझा श्वास थांबला ना!"

मावशी आत गेल्या, तशी बेल्कीसबाईंनी हळूच ती खुर्ची पुसली.

आता नवा संगणक येणार आहे म्हणे. मित्रांनो, जमलं तर मला कोपऱ्यात ठेवा, धुळीपासून जपा. ते नाही जमलं तरी चालेल. व्हेंतुराकाकांना त्या नव्या संगणकात, नव्या घरी न्या, आणि ती खुर्ची मात्र दारासमोरून हलवू नका.