कोरे पत्ते

एंजलने मूठभर कोरे पत्ते कृपादानांच्या गड्डीत मिसळले. आजोबा जुने खेळाडू आणि आजी आज पहिल्यांदा बसलेली, म्हणून हे ओझं आजोबांना, असा तिचा न्याय होता.

खेळ साधा होता. सुरुवातीला सगळ्यांची गड्डी सारखीच हलकी. प्रत्येकाने आपल्या पाळीला टेबलावर मध्ये मांडलेला एखादा पत्ता उचलून ती भारी करायची. शेवटी ज्याची गड्डी भारी, तो जिंकला. कोरा पत्ता हातात आला, की ती पाळी वाया.

समोर बसलेल्या केशरबाई म्हणजे एंजलची आजी, कृपादानांच्या विहीणबाई. देवळाली प्रवराहून सावेडीला लेकीकडे येत आणि दुसऱ्याच दिवशी निघायची घाई करत. आईला इथं करमलं तर ती रविवारपर्यंत राहील, असं मोनिका सकाळीच सासऱ्यांना म्हणाली होती. आता तीही खेळायला बसली होती. कृपादानांना गप्पा जमत नसत. पत्ते तेवढे जमत.

एकामागून एक कोरे पत्ते येत होते आणि विहीणबाई जिंकतील म्हणून ते मनातून खूश होते. मग त्यांच्या लक्षात आलं, की केशरबाई भारी राणी सोडून हलका भालदार उचलताहेत. पुन्हा तसंच. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. चांगला पत्ता त्या बोटाने हळूच त्यांच्याकडे सरकवत होत्या.

आजी मुद्दाम हरतेय, अशी एंजलने तक्रार केली.

"मग? लेकीच्या सासऱ्याला हरवायचं व्हय?" केशरबाई म्हणाल्या. "आमच्यात न्हाई तसं."

आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं कृपादानांना वाटलं. ते बराच वेळ गड्डीच्या कडा जुळवत राहिले. मग स्टूल उचलून, टेबलाला वळसा घालून ते त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"विहीणबाई, हा डाव मोडू. आता आपण दोघं एका बाजूला, मोनिका आणि एंजल समोर. तुम्ही जिंकलात तर मी जिंकलो."

केशरबाईंनी पदर खोचला. लेकीच्या हाताखालून त्यांनी राजा उचलला. नातीने नजर लावून ठेवलेला किल्ल्याचा पत्ता तिचा चहाचा घोट संपायच्या आत नेला. पोटच्या पोरीवर जरा दया कर, असं मोनिका हसत म्हणाली, तर व्याह्यांचा मान पोरीपेक्षा मोठा, असं तिला ऐकून घ्यावं लागलं. कृपादानांनी दोनदा सल्ला दिला. केशरबाईंनी तो ऐकला नाही, आणि दोन्ही वेळा बरं झालं.

दोघांनी डाव जिंकल्यावर मोनिका कप गोळा करायला उठली. केशरबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतःच पत्ते पिसायला घेतले. कडक पत्ते हातात नीट बसेनात. दोन-तीन खाली पडले.

"पाव्हणं," त्या मान वर न करता कृपादानांना म्हणाल्या, "आता तुमी समोर बसा."