दुभाषे भाऊजी

आमच्या भाऊजींना परदेशात भाषा शिकायची शिष्यवृत्ती मिळाली, कारण दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता. कॉलेजात दोन विषयांत गटांगळ्या खाणाऱ्या माझ्या या धाकट्या दिराला, फारसं कुणी शिकत नाही अशी भाषा घेतली की निवड सोपी, हे कुणीतरी सांगितलं आणि स्वारी वर्षभरासाठी विमानात बसली. सासूबाई शेजारपाजारी अशा थाटात सांगत, जणू त्या देशानेच आमच्या दारात येऊन पदर पसरला होता.

तिकडचे त्यांचे पराक्रम फोनवर दिसायचे. आपल्याच तीन पोरांबरोबर खोली, आपलंच जेवण, आपलेच सिनेमे. मी एकदा विचारलं, "भाऊजी, तिथल्या माणसांशी बोलता की नाही?"

"वहिनी, भाषा आधी कानात मुरावी लागते."

मुरत घातलेली भाषा घेऊन, दाढी आणि मफलरसकट ते परतले. सासऱ्यांनी पेपरात फोटो छापून आणला.

तो फोटो बघूनच दवाखान्यातून फोन आला. त्या देशातली एक बाई पोटदुखीने दाखल झाली होती. नवरा कामावर लांब, त्याचा फोन लागेना. मोबाइलवरचं भाषांतर तिच्या बोलीपुढे भलतंच काहीतरी बरळत होतं, आणि घाबरलेली बाई अंगाला हात लावू देत नव्हती. भाऊजींचं डोकं ताबडतोब दुखायला लागलं. पण सासऱ्यांनी त्यांना इस्त्रीचा शर्ट चढवायला लावला आणि मला म्हणाले, "बाईमाणूस आहे, तूही जा."

कॉटवर ती अंगाचं मुटकुळं करून पडली होती. भाऊजींनी घसा खाकरून तिच्या भाषेत एक वाक्य टाकलं. बाईचे डोळे लकाकले. त्यांचा हात घट्ट धरून ती भडाभडा बोलत सुटली. भाऊजी मान डोलावत राहिले. ती थांबली, उत्तराची वाट बघू लागली. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, जरा सावकाश. बाईने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय म्हणतेय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणतेय... आता बरं वाटतंय. घरी जायचंय."

मला शिसारी आली. भाषा न येणं हा काही गुन्हा नाही, मला तरी कुठे येते? पण आपली शान जाऊ नये म्हणून हा माणूस तिला मरू द्यायला तयार होता.

"डॉक्टर, यांना एक अक्षर कळलेलं नाही," मी म्हटलं. "तिला घरी पाठवू नका. कशी कळवळतेय बघा."

"वहिनी!"

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा."

मी तिच्या उशाशी बसले, केसांवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने तिने डॉक्टरीणबाईंना पोटाला हात लावू दिला, आणि लावताक्षणी किंचाळली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. लगेच ऑपरेशन केलं, म्हणून वाचली.

परतताना भाऊजी फणफणले, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीत."

"ते तीनदा म्हटलेलं वाक्य काय होतं?"

त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली. मग पुटपुटले, "आज हवा छान आहे."

घरी पोचताच त्यांनी सांगितलं, बाईचा जीव आपण वाचवला. मी खरं काय ते सांगितलं, तर सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. कॉलेजने भाऊजींचा सत्कार केला आणि शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर घेतलं. आता भाऊजी मफलर सावरत समोरच्या पोरांना विचारतात, "भाषेवर तुमचं प्रेम आहे का?"

यंदा निवडलेली मुलगी त्यांचा सल्ला घ्यायला घरी आली होती. भाऊजी तासभर बोलले. ती निघाली तेव्हा मी तिला फाटकापाशी गाठलं.

"तिकडे आपल्या पोरांच्या घोळक्यात राहू नकोस. तिथल्याच एखाद्या घरात खोली बघ."

"बघितलीय आधीच," ती म्हणाली. मग घराकडे एक नजर टाकून हळूच विचारलं, "सर खरंच गेले होते ना हो तिकडे?"