लेकीच्या घरचं पाणी

नात राहीचं पत्र येऊन पौष सरला, माघ लागला, तरी कमळूबाबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

खरं तर सगळ्या गावाची पत्रं तेच लिहीत. कुणाचा मुलगा कल्याणला, कुणाचा भाऊ मुंबईच्या गोदीत. लोक ओसरीवर येऊन सांगत आणि कमळूबाबा दौत पुढ्यात घेऊन लिहून देत. दुसऱ्याच्या मनातलं कागदावर उतरवताना त्यांचं कधी अडलं नाही. आपल्या मनातलं लिहायचं म्हटलं, की टाक हातात धरून बसत आणि शाई टोकावरच वाळून जाई.

स्वभावच तसा. श्रावणात देवळात पोथी वाचायचे, पण समोर कुणी नुसतं खाकरलं तरी थांबायचे. आपलंच काही चुकलं असणार, असं वाटून ओळ पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या गावाची पोथी नागपंचमीला जिथं पोचे, तिथं यांची पोचायला गोकुळाष्टमी उजाडे. लोक कंटाळत, पण दुसरा वाचणारा होता कुठं?

राहीच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. एक अशी, की शहापूरच्या तिच्या छात्रालयात माघात आजा-आजींचा दिवस करायचा ठरलाय आणि तुम्ही दोघांनी यायचंच. दुसरी शेवटी, बारीक अक्षरात. ‘बाई म्हणतात, फायनलच्या परीक्षेपर्यंत राहिलीस तर मास्तरीण होशील. मी राहू का? आजा, तुम्हीच सांगा.’

पहिलीला उत्तर सोपं होतं, उठून जायचं. दुसरीनं त्यांची झोप घालवली. राहीला बारावं लागलं होतं आणि वैशाखरे गावाहून मागणी आली होती. घर चांगलं होतं, दोन बैलजोड्या, भाताची जमीन. राहीच्या बापानं, अनंतानं, सगळं म्हाताऱ्यावर टाकलं. “बाबा, तुमी म्हनाल तसं.” त्यांच्या बायकोला, धोंडीबाईला, मात्र कुणी म्हणायची वाट बघायची सवय नव्हती.

“बोलावलंय तर जाऊ,” ती म्हणाली. “पोरीला भेटू आन् येताना गाडीत घालून घेऊन येऊ. शिमग्याच्या आत बोलनी उरकून टाकू.”

कमळूबाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. नाही न म्हणणं म्हणजे हो, असं धरून धोंडीबाईनं सारा संसार केला होता. तिनं भाकऱ्या थापायला घेतल्या.

सिद्धगडाच्या पायथ्यापासून निघालेली गाडी मुरबाडला पाहुण्यांकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटेच्याही आधी शहापूरच्या वाटेला लागली. गाडीत नाचणीच्या भाकऱ्या होत्या, सुक्या जवळ्याची चटणी होती आणि घरच्या विहिरीचं पाणी भरलेला भोपळा होता. ज्या घरी लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिला मूलबाळ होईतो तिथं घास उचलायचा नाही, ही रीत. पोर सासरी दिली काय आणि दुसऱ्याच्या दारी शिकायला ठेवली काय, तिला जेवू घालणाऱ्या घरी आपण हात कसा धुवायचा? धोंडीबाईच्या मनात याविषयी शंका नव्हती. कमळूबाबांच्या मनात शंका सगळ्याच गोष्टींविषयी असत, पण ही रीत त्यांनीही जन्मभर पाळली होती.

छात्रालय गावाबाहेरच्या माळावर होतं. फाटकाला आंब्याचं तोरण, आवार सारवून लख्ख केलेलं, आणि कुंपणाच्या दगडी गडग्यावर चिमण्यांसारख्या ओळीनं बसलेल्या मुली. रस्त्यावर कुणी पांढऱ्या केसांचं दिसलं, की एकच गिल्ला व्हायचा, “कुनाची आजी? कुनाची आजी?” मग एखादी किंचाळायची, “माझी! माझी हाय!” आणि गडग्यावरून उडी टाकून धावत सुटायची.

गाडी वळणावर आली तशी एक लांब वेणी उभी राहिली.

“माझा आजा! तो पागोट्यावाला! बघा गो, तो माझा!”

सगळा गडगा पागोट्याकडे बघायला लागला. कमळूबाबांना बैलाच्या आड लपावंसं वाटलं. पण हात पागोटं सारखं करायला गेलाच. राही चालत्या गाडीतच चढली आणि आजीच्या गळ्यात पडली.

“किती वाळलीस गो,” धोंडीबाई म्हणाली.

“वाळली कुटं? उंच झाले!”

मग राहीनं दोघांना हाताला धरून सगळ्या आवारात पळवलं. ही निजायची खोली, ही माझी वळकटी. हे टकळीचं सूत, मीच कातलं. ही वांगी, रोज आमी पाणी घालतो. चिंचेला झोपाळा बांधला होता आणि त्यावर कुठली तरी आजी डोळे घट्ट मिटून बसली होती. चार मुली तिला झोके देत होत्या आणि ती ओरडत होती, “थांबवा गो! मेले! अजून एक द्या!”

शेवटी राहीनं आजाला एका कपाटापुढं उभं केलं. कपाट पुस्तकांनी भरलेलं होतं. कमळूबाबांनी आयुष्यात पोथ्या पाहिल्या त्या चार, आणि त्यांतल्या दोन वाळवीनं अर्ध्या खाल्लेल्या. ते बघतच राहिले.

“हात लावू का?” त्यांनी नातीला विचारलं.

“लावा की. मी ह्या फळीवरची समदी वाचली.”

“समदी?”

“समदी. आन् बारक्या पोरींना वाचून पन दावते.”

त्यांनी एक पुस्तक काढलं, उघडलं, वासही घेतला. ही एवढीशी पोर आपल्या पुढं गेली, आणि आपण मात्र तिच्या चार ओळींना उत्तर देऊ शकलो नाही. त्यांना लाज वाटली आणि आनंदही इतका झाला, की पुस्तक उलटं ठेवलं गेलं.

दुपारी चिंचेखाली पंगत बसली. पळसाच्या पत्रावळींवर भात आला, आमटी आली, भोपळ्याची भाजी आली, गुळाची खीर आली. राही वाढपाची पुढारीण होती. “मंगळे, तिकडं भात! काशे, खीर सांडशील!” बारक्या पोरी तिचा शब्द झेलत होत्या. धोंडीबाई ते बारीक डोळे करून बघत होती.

छात्रालय चालवणाऱ्या चंद्रकलाबाई पंगतीपुढं येऊन हात जोडून म्हणाल्या, “आजोबा, आजी, सुरुवात करा. सगळं तुमच्या नातींनी रांधलंय.”

कुणी हात हलवला नाही.

डोंगरावरच्या पाड्यातून आलेल्या लखमानं हळूच कमरेची भाकरी काढली. त्याच्या पलीकडं किन्हवलीकडच्या नामानं फडक्याची गाठ सोडली. मग सगळ्या रांगेत गाठी सुटू लागल्या आणि पत्रावळीशेजारी जो तो आपापली भाकरी मोडू लागला. वाफाळत्या भाताकडे कुणी बघेना, म्हणजे बघत सगळेच होते, पण चोरून.

चंद्रकलाबाईंचा चेहरा उतरला. स्वयंपाकाला पाड्यातल्या मुली होत्या, गावातल्याही होत्या. “कुणी कुणाच्या हातचं खायचं नाही, असं काही मनात असेल तर...” त्या म्हणाल्या.

“तसं नाय वो बाई,” नामा म्हणाला. “हाताला कोन नाव ठेवतंय? पन पोर तुमच्या घरी दिली ना आमी? लेकीच्या घरचं खायाचं कसं?”

“दिली?”

“मंग काय इकली?”

पंगत हसली. लखमाची बायको बाळी म्हणाली, “पानी पन नाय प्यालो गो बाय सकाळपासनं. जीभ टाळ्याला चिकटली.”

“खीर बघून माजा पन जीव जातोय,” नामा म्हणाला. “ते पागोट्यावालं बाबा पोथी वाचतात म्हनं. त्यांनाच इचारा. ते म्हनतील तसं करू.”

सगळ्या माना कमळूबाबांकडं वळल्या.

उभ्या जन्मात त्यांच्याकडं एवढ्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं. पोथी वाचताना निदान डोळे पोथीवर ठेवता येत. आता ठेवायचे कुठं? आपण चालतं म्हणालो आणि ते पाप असलं, तर सगळ्या पंगतीचं पाप आपल्या डोक्यावर. नाही म्हणालो, तर चुलीपुढं पहाटेपासून राबलेल्या ह्या सगळ्या पोरी. ते खाकरले.

“पोथीत,” ते म्हणाले, “छात्रालयाचं काय लिवलेलं नाय.”

“लिवलेलं नाय म्हंजे चालतंय का नाय चालत?”

तेच तर त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात राही पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहिली. गाल चुलीनं लाल झालेले.

“आजा, लेकीच्या सासरचं पानी पीत नाय ना?”

“हां.”

“मग माझा नवरा दावा कुटं हाय तो.”

पंगतीत असा हशा उसळला, की चिंचेवरचे कावळे उडाले. नामा मांडी थोपटायला लागला. “दावा वो बाबा, दावा!”

“गप गो!” धोंडीबाई ओरडली. “आजासंगं असं बोलतात?”

“नवरा नाय, सासू नाय, तर सासर कसलं गो आजे?” राही आता हसत नव्हती. “मला हितं दिलंय का तुमी? दिलं असल तर पिऊ नका. नसल दिलं तर मी तुमचीच, आन् मी भरलेलं पानी पन तुमचंच.”

मग ती आजापुढं वाकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, “माज्या पत्राला उत्तर नाय आलं, आजा.”

कमळूबाबा तांब्याकडं बघत राहिले. दिलेल्या पोरीला कुणी काही विचारत नाही. एकदा दिली की दिली. पण ही तर दिलेली नव्हती. आपणच तिला मनातल्या मनात एकदा इथं देऊन बसलो, आणि आता इथून काढून वैशाखऱ्याला द्यायला निघालो. तांब्या परत केला तर पोर परकी झाली. घेतला तर पोर आपली, आणि आपल्या पोरीनं एक गोष्ट विचारली होती.

त्यांनी तांब्या घेतला.

“अवो!” धोंडीबाई म्हणाली.

ते प्यायले. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं, पण थांबले नाहीत. मध्येच कुणी तरी खाकरलं, तरीही थांबले नाहीत. तांब्या रिकामा करून खाली ठेवला आणि मिशा पुसल्या.

“गार हाय,” ते म्हणाले.

“चला, पोथी उघडली!” नामानं आरोळी दिली आणि खिरीत हात घातला. मग पंगत तुटून पडली. मुली नुसत्या धावू लागल्या, भात पुरेना, आमटी पुरेना. चंद्रकलाबाई पदरानं डोळे टिपत स्वतः वाढायला लागल्या. बाळी तीन तांबे पाणी प्यायली आणि प्रत्येक तांब्याला “जीव आला गो” म्हणाली.

धोंडीबाई थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग तिनं पत्रावळ पुढं ओढली. भात खाल्ला आणि आमटी दोनदा मागून घेतली.

उन्हं कलल्यावर गाडी जुंपली. राही चाकापाशी उभी होती. वैशाखऱ्याचं तिला आजीनं सकाळीच कानात सांगितलं होतं, पण बोचकं बांधलंस का, असं आता कुणी विचारेना. ती एकदा आजीकडं, एकदा आजाकडं बघत होती.

“आजा, मग?”

कमळूबाबांनी मान वर केली. गडग्यावरच्या सगळ्या मुली ऐकत होत्या.

“पत्राला,” ते म्हणाले, “उत्तर पत्रानंच द्यावं.”

गाडी बाजारपेठेला लागली. मग धोंडीबाई समोर बघत म्हणाली, “आमटी अळणी होती.”

कमळूबाबांना आमटीत काही कमी वाटलं नव्हतं.

“असली आमटी घेऊन पोर सासरी गेली, तर वैशाखऱ्याची लोकं मला नावं ठेवतील. तुमी त्यांना कळवून टाका, एवढ्यात नाय जमनार म्हनून. पोरीला अजून शिकायचं हाय.” थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, “कशी राज्य करत होती बघितलं का पंगतीवर?”

“बघितलं.”

टपाल कचेरीपाशी त्यांनी गाडी थांबवली, एक कार्ड घेतलं, कचेरीतला दौत-टाक मागून आणला आणि गाडीच्या फळीवर ठेवून लिहायला बसले. या खेपेला शाई वाळली नाही.

“अवो, ती काय तिथं माळावर उभी हाय अजून. एक हाक मारली असती तरी झालं असतं!” धोंडीबाई म्हणाली. “बरं, लिवताच तर मिठाचं पन लिवा.”

त्यांनी लिहिलं, ‘चिरंजीव राहीस अनेक आशीर्वाद. तू राहा. फायनल हो. पुढल्या वर्षी आजा-आजींचा दिवस केला, तर आम्ही भाकरी बांधून आणणार नाही. आजी म्हणते, आमटीत मीठ बघून घाल.’ पुन्हा पहिल्यापासून वाचायचा मोह झाला. तो आवरून ते उतरले आणि कार्ड पेटीच्या फटीत सोडलं.

“पडलं का आत?” धोंडीबाईनं गाडीतून विचारलं.

“पडलं,” कमळूबाबा म्हणाले.