झाकणांवरचे नट

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एकच नियम लिहिलेला आहे, तोही माझ्या हाताने: जो चाकांचा सेट बिघडवेल, त्याने महिनाभर गनला हात लावायचा नाही. बावीस वर्षांपूर्वी मी तो केला, तेव्हा दुसऱ्यांसाठी केला होता, हे सांगायला नकोच.

गन म्हणजे रंगाची पावडर मारायची. आम्ही गाड्यांची अलॉय व्हील्स नव्यासारखी करून देतो. फुटपाथला घासून ओरबाडलेली, रंग उडालेली चाकं येतात. जुना रंग काढायचा, बारीक वाळूचा मारा करून धातू उघडा करायचा, मग चाक एकदा तसंच कोरडं भाजायचं. ओतीव धातूच्या पोटात वायू असतो. तो आधी बाहेर काढला नाही तर नव्या रंगावर फोड येतात. हे माणसांनाही लागू आहे, असं माझी बायको म्हणते आणि माझ्याकडे बघते. मग नटांची भोकं रबरी बुचांनी बंद करायची, चाक आकड्याला टांगायचं आणि पावडर मारायची. ती विजेच्या ओढीने धातूला चिकटते. भट्टीत जाईपर्यंत सगळं आपल्या हातात असतं, चुकलं तर उडवून पुन्हा मारता येतं. भट्टीतून बाहेर आलं की केलं ते केलं.

वर्कशॉप खरं तर आता माझी लेक चालवते. दोन मुलांची आई आहे, माझ्यापेक्षा दुप्पट काम करते आणि निम्मं बोलते. गन आम्ही दोघं वापरायचो. नाजूक कामं अर्थात माझ्याकडे. पाच वर्षांपूर्वी पावडर मारलेल्या चाकाला चुकून तिचा अंगठा लागला आणि तो ठसा तसाच भाजून निघाला. आतल्या बाजूला होता, गिऱ्हाइकाला जन्मात दिसला नसता. पण मला दिसला, आणि मला दिसला म्हणजे दिसला. महिनाभर गन बंद. ती वाळू मारत राहिली.

आता माझं सांगतो. गेलं वर्षभर मला डब्यांवरची लेबलं वाचता येत नव्हती. सगळं दुधी काचेतून बघितल्यासारखं दिसायचं. मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सांगितलं असतं तर आधी दवाखाना, मग आराम, मग गन गेली, आणि गनशिवाय मी म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ले देणारा म्हातारा. त्याची मला खरंच भीती वाटायची. म्हणून मी डबे जागेवरून ओळखायचो. डावीकडून पहिला चकचकीत करडा, दुसरा मंद करडा, तिसरा काळा. दोन्ही करडे डब्यात एकसारखेच दिसतात, अगदी धडधाकट डोळ्यांनाही. चमक भट्टीतून आल्यावरच कळते.

महिन्याच्या सुरुवातीला लेकीने नवीनच खूळ काढलं. पहिल्या डब्याच्या झाकणावर तिने एक नट चिकटवला, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन.

"हे काय?" मी विचारलं.

"झाकण उघडताना पकड येते, बाबा."

"पकडीला तीन नट कशाला लागतात?"

"असू देत."

हा पोरखेळ मला पटला नाही. मी मुद्दाम झाकणं कडेने उघडायला लागलो. नटांना बोट म्हणून लावलं नाही.

त्या दिवशी क्लासवाल्या बाईंची चाकं होती. बाई ड्रायव्हिंग शिकवतात, त्यामुळे त्यांची चाकं दरवर्षी येतात. शिकाऊ मंडळी गाडी रस्त्यावरून कमी आणि फुटपाथच्या कडेने जास्त चालवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पाच जणांची लायसन्सची परीक्षा होती. गाडी लागणारच होती. रंग नेहमीचा, चकचकीत करडा.

लेक डिलिव्हरीला गेली होती. मी तीन चाकं मारून घेतली. चौथं कोरड्या भाजणीतून निघून अजून गरम होतं. तेवढ्या वेळात फळीवर सांडलेली पावडर पुसावी म्हणून मी दोन्ही करडे डबे खाली घेतले, फळी पुसली, डबे परत ठेवले. जेवून आल्यावर पहिल्या जागेवरचा डबा उघडला, चौथं चाक मारलं आणि चारही भट्टीत घातली.

बाहेर काढली तेव्हा तीन चाकांवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटला. चौथ्यावर नाही. एवढं मलाही दिसलं. डबे मीच उलटे ठेवले होते, दुसरं कुणी नव्हतंच तिथे.

लेक आली. तिने चाकं बघितली, फळीकडे बघितलं, झाकणांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काल फळी मी आवरली होती. डबे माझ्याकडूनच बदलले गेले असणार. नियम तो नियम, बाबा. महिनाभर मी गन धरत नाही."

काल बदलले असते तर पहिली तीनही मंद निघाली असती, पण तो हिशेब मी मांडला नाही. लाज वाटते सांगायला, पण माझा जीव भांड्यात पडला. गन वाचली होती. बायको चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तोंडाला कुलूप का लागलंय?" चहा मला कडू लागला.

पाच वाजता बाई आल्या. लेकीने त्यांना सरळ सांगितलं, "एक चाक चुकलंय, चूक माझी आहे. रंग काढून पुन्हा करून देतो, सकाळी सातला गाडी तयार मिळेल."

"अगं, चुका बघण्याचीच तर मी फी घेते," बाई हसून म्हणाल्या. "तू शिकतेयस अजून, होतं असं."

शिकतेय. पंधरा वर्षं वाळू खाल्लेली माझी लेक, आणि तिला कुणीतरी शिकाऊ समजून समजूत घालतंय, आणि मी मांडीवर कप ठेवून ऐकतोय. ते मला सोसवलं नाही.

"बाई, ती शिकत नाहीये," मी म्हणालो. "डबे मी बदलले. आणि मला लेबल दिसत नाही. वर्ष झालं."

बायकोने कप खाली ठेवला. लेक शांतपणे म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही काळ्या पावडरीचा वास घेऊन बघत होतात ना, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तोवर झाकणांना नट लावले."

मी उठून फळीपाशी गेलो आणि पहिल्यांदाच झाकणांवर बोटं ठेवली. पहिल्या जागेवर दोन नट होते, दुसऱ्यावर एक. आंधळ्यालाही कळलं असतं. मलाच कळलं नव्हतं, कारण मी रुसून कडेने उघडत होतो.

मी गन खिळ्याला अडकवली. चौथं चाक लेकीने केलं, आणि सकाळी सातला बाई गाडी घेऊन गेल्या. पाचातले तीन पास झाले म्हणे.

त्या महिन्यात मी आधी वाळू मारली, मग दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. बायकोने घरात मला सल्ले द्यायची एकही संधी सोडली नाही, आणि खुर्चीत बसणं मला वाटलं होतं तितकं वाईट निघालं नाही.

एकतिसाव्या दिवशी लेकीने गन स्वतः माझ्या हातात दिली. मी फळीपाशी गेलो. लेबलं स्वच्छ वाचता येत होती. नटही नीट दिसत होते, आणि ते नुसते चिकटवलेले नव्हते. प्रत्येक नटावर त्या त्या डब्यातली पावडर मारून तो भाजलेला होता, एक चकचकीत, दोन मंद, तीन काळे. काळ्यांपैकी मधल्या नटावर अंगठ्याचा अर्धा ठसा होता, पक्का भाजून निघालेला.

"काय बघताय एवढं?" लेकीने मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "लेबल वाचतोय."