पिंजाऱ्याचा खोकला

पिंजाऱ्यानं गिऱ्हाइकापुढं खोकायचं नसतं. हे काही कुठल्या किताबात लिहिलेलं नाही, पण पापाची तिकटी नावाच्या चौकाजवळ गाद्या-उश्या भरणाऱ्या त्या घरात पोरं बोलायला शिकायच्या आधी खोकला गिळायला शिकायची. अहो, दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात, खोकला येणारच की! पण दुकानदार खोकला की गिऱ्हाईक म्हणणार, ह्याला टीबी झालाय आणि ह्यानं भरलेल्या गादीवर आमची लेकरं झोपवायची व्हय? की चाललं पुढच्या दुकानात. म्हणून फक्रुद्दीननं जन्मभर खोकला गिळला. त्याच्या बापानंही गिळला होता.

आता ह्याच फक्रुद्दीनच्या काळजाची झडप मिरजेच्या दवाखान्यात कापून मोकळी केलेली. डाव्या छातीखालनं थेट पाठीपर्यंत टाके. आणि तिथल्या व्यायामाच्या बाई, त्रिशलाबाई, त्यांनी घरी जाताना सांगितलं काय, तर खोका! बोटं भिंतीवर चढवत डावा हात वर न्यायचा, लांब श्वास घ्यायचा, आणि मग उशी टाक्यांवर घट्ट दाबून पोटातनं खोकायचं, कफ बाहेर पडेस्तोवर. हात भिंतीवर चढवायला गडी एका पायावर तयार. श्वासही घ्यायचा. खोकायची वेळ आली की मात्र रस्त्याकडं बघायचा आणि चोरासारखा नुसता घसा खाकरायचा.

"मावशी, कफ आत साठला की फुप्फुस धरतं," त्रिशलाबाईंनी सुलतानबीला, त्याच्या बायकोला, बाजूला घेऊन बजावलं होतं. "ऑपरेशनमधनं वाचलेली माणसं कफानं गेलेली बघितलीत मी. त्यांना लाजू देऊ नका."

सुलतानबी तशी तिखट बाई. रोज तिन्हीत्रिकाळ उशी घेऊन त्याच्या मागं लागायची. "खोका म्हणते न्हवं! का तुमच्या खोकल्याला आवतन धाडू?" असं म्हणत पाठीवर थापट्या मारायची, तेव्हा कुठं थोडंफार पडायचं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चूल पेटवताना कान त्याच्या छातीकडं, दळण निवडताना कान त्याच्या छातीकडं.

आणि अशात आजऱ्याचे पावणे हाफिजाला बघायला येतो म्हणाले. हाफिजा एकुलती एक लेक. आजऱ्याच्या मीरासाबचं काजूचं दुकान, पोरगा निर्व्यसनी, फोटोवरनं पोरगी पसंत होती. नुसतं घर बघून सुपारी फोडायची राहिली होती. ऑपरेशनचं कुणी त्यांच्या कानावर घातलं नव्हतं. घालणार कोण? सुलतानबीनंच सगळ्यांना दम दिला होता.

त्या दिवशी सकाळपासनं ती घरात भिंगरीसारखी फिरत होती. खरं तर आदल्या दिवशीपासनं फक्रुद्दीनचं अंग कढत लागत होतं. तिला ते कळत होतं. तरी तीच, रोज उशी घेऊन मागं लागणारी तीच बाई, त्याच्या सदऱ्याची बटणं लावत म्हणाली, "आज खोकू नका. पावणं गेलं की बघू."

"बरं," फक्रुद्दीन म्हणाला. त्याला काय, तेच पाहिजे होतं.

पावणे आले, टेकले. मीरासाब मोठा गप्पिष्ट माणूस. येष्टीत कसं कोंबून बसवलं, आजऱ्यात पाऊस कसा लागलाय, सगळं सांगून झालं. त्याची बायको सुगरा हसतमुख होती, पण डोळे घरभर फिरत होते. शिरा झाला, चहा झाला. फक्रुद्दीन तोंड मिटून मान हलवत होता.

पडद्याआड सुलतानबीला त्याच्या छातीतला आवाज ऐकू येत होता. हुक्का गुडगुडावा तसा. मीरासाबच्या बोलण्याखाली तो बुडत होता म्हणून बरं.

"अम्मा, अब्बांचं ओठ बघ," हाफिजा कानाशी पुटपुटली. तिच्या हातात पानाचं तबक होतं.

"गप. आता उठतीलच ती."

"अगं निळं पडल्यात!"

सुलतानबीनं पडद्याच्या फटीतनं बघितलं. फक्रुद्दीनच्या कपाळावर घाम डबडबला होता. एक हात बरगडीवर होता, दुसऱ्यानं त्यानं लोडाची खोळ मुठीत आवळलेली. खोकला घशापर्यंत यायचा आणि तो गिळायचा, परत यायचा आणि परत गिळायचा. हा माणूस इथंच मरंल पण खोकायचा न्हाय, हे तिला एकदम कळलं. आणि गिळा म्हणून सांगितलं कुणी? मीच!

"तर मग सुपारी आजच..." मीरासाब म्हणत होता.

सुलतानबीनं पडदा बाजूला केला. डोक्यावरचा पदर घसरला त्याचं भान नाही. कोपऱ्यातली उशी उचलून ती पावण्यांच्या मधनं गेली आणि नवऱ्याच्या टाक्यांवर ती दाबून धरली.

"खोका!"

फक्रुद्दीननं मान हलवली. डोळ्यांनीच पावण्यांकडं दाखवलं.

"चुलीत गेलं पावणं! खोकतासा का न्हाय?" ती ओरडली आणि तिनं त्याच्या पाठीवर थाप हाणली.

मग तो खोकला. जन्माचा साठलेला असावा असा, घर दणाणून सोडणारा. कफ तोंडाशी आला आणि थुंकायला जवळ काही दिसेना, तेव्हा सुलतानबीनं हाताला लागलं ते पुढं धरलं. ती मीरासाबची चहाची बशी होती.

सुगरानं पदर नाकाला लावला. "टीबी हाय ह्यास्नी?"

"न्हाय," सुलतानबी मागं न बघता म्हणाली. "काळजाचं आप्रेशन झालंय. आम्ही लपवलं तुमच्यापासनं."

मीरासाब बशीकडं बघत राहिला. मग त्यानं टोपी घातली. माणूस वाईट नव्हता, "जपा त्यांना," एवढं म्हणाला. पण सुपारीचं नाव काढलं नाही. सुगरा तर तोवर उंबऱ्याबाहेर गेली होती. "येष्टी चुकंल," ती बाहेरनंच म्हणाली.

ते गेले. फक्रुद्दीनच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता, पण आता तो लहान पोरासारखा मुसमुसायला लागला. "पोरीचं ठरल्यालं मोडलं गं. माझ्या खोकल्यानं मोडलं."

हाफिजा पडद्याबाहेर आली. तिनं तबक खाली ठेवलं, बापापाशी बसली आणि उशीचं दुसरं टोक धरलं. सुलतानबीला तिच्याकडं बघायचं धाडस होईना. तिचे स्वतःचे डोळे भरून वाहत होते, आणि नवऱ्याच्या छातीत अजून गुडगुड ऐकू येत होती.

"रडायचं मागनं," ती म्हणाली. "सगळीच रडू. आधी खोका."