काचेच्या पेटीतला कोट

रफू करणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. काम बिघडलं तर साऱ्या जगाला दिसतं, आणि साधलं तर कुणालाच दिसत नाही. रफूवाल्या काकूंनी चाळीस वर्षं अशी न दिसणारी कामं केली होती. गल्लीतल्या निम्म्या कपाटांमध्ये त्यांचे टाके होते, पण नेमके कुठे, हे आता त्या कपड्यांच्या मालकांनाही सांगता आलं नसतं.

गल्लीच्या टोकाला जुन्या गोदामात कला केंद्र सुरू झालं आणि तिथल्या बाई घरोघर फिरू लागल्या. बाई पस्तिशीच्या, बोलायला गोड आणि हातात सदैव वही, म्हणून सगळे त्यांना ‘वहीवाली’ म्हणत. आपल्याच गल्लीतल्या हातांनी केलेल्या कामांचं प्रदर्शन भरवायचं, असं त्यांच्या मनात होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर तीन पाट्या घेऊन आधीच पोचले होते. काकूंच्या धाकट्या जावेने भरतकामाच्या सात उश्या दिल्या होत्या. त्यावरचं एकेक फूल कोबीच्या गड्ड्याएवढं होतं, पण ते असो.

“काकू, तुमचंही एखादं चांगलं काम द्या ना,” वहीवाली म्हणाली.

“चांगलं काम दाखवता येत नाही. वाईट असतं तर दाखवलं असतं, पण तसं माझ्याकडे नाही.”

वहीवाली खळखळून हसली आणि दुसऱ्या दिवशी एक कोट घेऊन आली. गोदाम साफ करताना एका पेटीत तो सापडला होता. तिथे कधीकाळी राखण करणाऱ्या पहारेकऱ्याचा असावा. राखाडी, लोकरी, बारीक चौकडीचा. एका खिशाखाली कसरीने खाऊन नखाएवढं भोक पाडलेलं. वहीवालीने भोकाशेजारी पट्टी धरून अगदी जवळून फोटो काढला, वहीत ‘खिशाखाली’ एवढंच लिहिलं आणि म्हणाली, “आधीचा फोटो आणि नंतरचा कोट, दोन्ही शेजारी ठेवू. आणि काकू, दर शनिवारी तुमचा वर्ग ठेवायचाय. बारा जणांनी नावं दिलीत.”

“आधी प्रदर्शन होऊ दे. वर्गाचं मग बोलू.”

वहीवालीला वाटलं, काकू भाव खातायत. खरी गोष्ट काकूंनी घरातही कुणाला सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांना समोरचं मधोमध धूसर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले होते, उरलंय ते जपा, गेलेलं परत येणार नाही. वर्षभर काकूंनी नवं काम घेतलं नव्हतं, कधी पाठदुखीचं निमित्त सांगून, कधी पाहुण्यांचं. या कोटावर त्यांनी मनाशी पैज लावली होती. प्रदर्शनात एका जरी माणसाच्या नजरेला आपला टाका लागला, तर सुई कायमची डबीत. हात उतरलेल्या बाईने दुसऱ्यांना काय शिकवायचं? आणि नाही लागला, तर वर्ग.

धाकट्या जावेला अर्थातच राहवलं नाही. “जाऊबाई, भोक बुजवण्यात कसली आलीय कला? उशीवरचं फूल निदान दिसतं तरी.”

“लांबून दिसतं. स्टेशनवरून,” काकू म्हणाल्या. जावेने नाक मुरडलं.

अकरा दिवस रोज सकाळी काकू खिडकीशी बसल्या. कोटाच्याच आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा, उभ्यात उभा आणि आडव्यात आडवा विणायचा, आणि काळी रेघ जिथे तुटलीय तिथूनच पुढे न्यायची. एक धागा चुकला की चौकडी वाकडी. पहिले दोन दिवस डोळे ताणून काकू रडकुंडीला आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि बोटांवर सोडून दिलं. बोटाच्या टोकाला धागे मोजता येत होते. बाराव्या दिवशी कोट गेला. जमलंय की नाही हे त्यांना दिसत नव्हतं, आणि घरच्यांना विचारून उपयोग नव्हता. घरच्यांनी मायेपोटी छानच म्हटलं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. पेंटर आपल्या पाट्यांपुढे नवरदेवासारखे उभे होते. काकू जावेबरोबर आत शिरल्या. इथे आलेला प्रत्येकजण आपलं काम लोकांना दिसावं म्हणून धडपडत होता. कुणाला दिसू नये म्हणून देवाचा धावा करणाऱ्या त्या एकट्याच.

मधोमध काचेच्या पेटीत कोट होता. वर दिवा, दोरीला बांधलेलं भिंग, आणि काचेवर लाल कागदाचा एक बाण. लोक रांग लावून भिंगातून बघत होते.

“इथे भोक होतं? काय सांगता!”

“पत्ताच लागत नाही हो!”

काकूंचा जीव भांड्यात पडला. जावेची तर छाती फुगली. “माझ्या जाऊबाईंचं काम आहे हे,” ती ओळखीच्या नसलेल्या लोकांनाही थांबवून सांगू लागली. तीस वर्षांत तिने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं. काकू हळूहळू पेटीपाशी गेल्या, मान तिरकी करून त्यांनी बाण पाहिला आणि जागच्या जागी थिजल्या.

बाण उजव्या खिशाखाली होता. काकूंनी रफू केलं होतं डाव्या खिशाखाली.

म्हणजे एवढा वेळ सगळे गिरणीत विणलेल्या साध्या कापडाचं कौतुक करत होते. आता गप्प बसायचं, बस. डावीकडे बघायचं कुणाच्याच मनात येणार नव्हतं. पैज जिंकली असती, वर्ग मिळाला असता, जावेचं तोंडही बंद राहिलं असतं. काकूंनी खरंच क्षणभर तसा विचार केला. मग त्यांना स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं त्यांनी कुणाचं काम आपल्या नावावर खपवलं नव्हतं, मग आज गिरणीचं कौतुक कशाला लाटायचं?

“अगं वहीवाली,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तुझा बाण चुकलाय.”

वहीवालीचा चेहरा पांढरा पडला. “काकू, फोटोत नुसत्या चौकड्या, वहीत नुसतं ‘खिशाखाली’. अर्धा तास भिंग लावून शोधलं. उजवीकडे एक धागा जरा जाड वाटला, म्हणून…”

“तो गिरणीचा दोष. मी असा धागा ठेवत नाही.”

हशा पिकला. रांगेतून गल्लीतले शिंपी पुढे आले. त्यांनी आयुष्यभर कोटच शिवले होते. “मग खरं कुठंय, काकू?”

“शोधा. बाण काढा आणि कोट बाहेर घ्या.”

आता पळवाट उरली नव्हती. टेबलावर कोट पसरला गेला. शिंप्यांनी चष्मा पुसला, बाह्या पाहिल्या, पाठ पाहिली, दोन्ही खिसे पाहिले. डाव्या खिशाखालून त्यांचा अंगठा तीनदा गेला. पाव तासाने त्यांनी दोन्ही हात वर केले. “हरलो बुवा.”

“थांबा, मी बघते,” जाऊ म्हणाली आणि तिने भिंग उचललं.

आता मात्र काकूंची पाचावर धारण बसली. शिंप्यांपेक्षा जावेची नजर वाईट. ताटातला केस तिला दारातून दिसायचा, आणि काकूंच्या कामातली खोट काढायला तर ती कायम टपलेली. ती सरळ डाव्या खिशापाशी गेली आणि तिथे थांबली. भिंग खाली केलं, वर केलं. कापड उजेडाकडे धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

बऱ्याच वेळाने तिने भिंग टेबलावर ठेवलं.

“नाही सापडत,” ती म्हणाली. आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. “सगळा कोट पाहिला, जाऊबाई. कुठेच नाही सापडत.”

काकूंना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. एवढा अभिमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता, आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

“मलाही नाही दिसत ते,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं, माझे डोळे गेल्यातच जमा आहेत. बोटांनी केलंय सगळं.”

शिंप्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली. जाऊ काकूंकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटांची टोकं चाचपून पाहिली.

“मला शिकवाल?” तिने विचारलं.

“उश्यांचं काय?”

“उश्या कुठे पळून चालल्यात?”

काकू वहीवालीकडे वळल्या. “शनिवारच्या वर्गात हिचंही नाव लिही. आणि सगळ्यांना सांगून ठेव, पहिल्या दिवशी सुया आणायच्या नाहीत. घरातलं एखादं कापड आणा म्हणावं, आणि तासभर डोळे मिटून बसायची तयारी ठेवा.”