घाटावर ॲल्युमिनियम पेंट

सेक्टर १०च्या गणेश मंडळानं यंदा देखाव्यासाठी स्वित्झर्लंडची डोंगरगाडी निवडली. मंडळाचे अध्यक्ष शामसुंदर लोणारे इथल्या पोलादाच्या प्लांटमधून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले. एवढे अरुंद रूळ पाहून लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. गाडीचं मॉडेल करायला घेतलेल्या कमलिनीबाई कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी तार वाकवून दाखवली, की रुंद गाडी डोंगराच्या वळणावर वळणारच नाही. हे पटवायला तीन बैठका गेल्या. बारावीच्या पोरांना एका तासात कळतं, असं त्या घरी येऊन म्हणाल्या.

अडीच महिने त्यांनी चढावरच्या दातेरी पट्टीचा एकेक दात कानशीनं घासला. चार फुटांचा तो चढ गाडीनं लोकांदेखत स्वतःच्या बळावर चढावा, एवढीच त्यांची इच्छा होती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती सात वेळा चढलीही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्या मांडवात आल्या, तर रूळ चांदीसारखे चमकत होते. बटण दाबलं. गाडी ढिम्म.

"शामसुंदरजी, हे कावून केलं?"

"पाहुणे येऊन राहिले न, वहिनी. मोठा साहेब येनार म्हटलं की पेंट मारायचा. पस्तीस वर्षं मारला."

"इंजिनाले करंट रुळांतूनच भेटते."

"मंग? ॲल्युमिनियम पेंट हाये. ॲल्युमिनियममधून करंट जाते, हे तुमीच शिकवलं असन."

त्यात धातूची नुसती भुकटी आहे आणि कणाकणाभोवती वार्निशचं कातडं आहे, हे त्यांनी सांगून पाहिलं. मीटर लावून दाखवला. काटा जागचा हलला नाही. शामसुंदर म्हणाले, मीटर खराब असेल. सँडपेपर आणि अर्धा तास द्या, असं त्या म्हणाल्या. त्यावर रुळांवर ओरखडे दिसतील म्हणून कार्यकारिणीनं एकमतानं नकार दिला. कार्यकारिणीत चार इंजिनीअर होते.

पाहुणे म्हणजे शेजारच्याच पद्मनाभपूरचे एक सिमेंट व्यापारी. ते आले. शामसुंदरांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग गाडी सरळ उचलून शिखरावर नेऊन ठेवली आणि माइकवर सांगितलं, "गाडी सुखरूप पोचली."

टाळ्या पडल्या. रुळांची चमक अगदी परदेशी वाटते, असं पाहुण्यांनी भाषणात सांगितलं. शाल शामसुंदरांना मिळाली.

मंडळी प्रसादाकडे वळल्यावर कमलिनीबाईंनी गाडी खाली आणून ठेवली आणि जिथे तारा जोडल्या होत्या तिथपासून ब्लेडनं पेंट खरवडायला घेतला. दोन वीत रूळ मोकळे झाले, तेवढ्यात शामसुंदर द्रोण घेऊन मागे येऊन उभे राहिले.

कमलिनीबाईंनी बटण दाबलं. दात धरत धरत गाडी दोन वीत चढली आणि पेंट सुरू झाला तिथे थांबली.

शामसुंदर वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, इथं पेंटचा दुसरा हात बरोबर बसला नाही वाट्टे."

कमलिनीबाईंनी ब्लेड पुसलं, पर्समध्ये टाकलं आणि घरी निघून गेल्या.